रिमवरून बोट फिरवा

थंडी पडली, की नाशिककर सायकलवर त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागतात. २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करणाऱ्या डॉ. महाजन बंधूंच्या शहराला हे शोभतेच. मात्र आठवणीने हेल्मेट घालणारेही रिमकडे पाहत नाहीत. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात रुतलेली रेती ॲल्युमिनियमची रिम पॉलिश पेपरसारखी घासते. कड पातळ झाली, की टायरमधल्या हवेच्या दाबाने ती चालत्या सायकलवर फाटू शकते. मग मनगट, कॉलर बोन किंवा डोके जायबंदी होते. म्हणून रिमवरून बोट फिरवा. खोलगट लागली किंवा झीज दाखवणारी खूण नाहीशी झाली असेल, तर रिम बदला. रबरातली रेती टोकरून काढा, रिम पुसा. व्यायामाआधी रक्तदाब तपासतो, तशी सायकलही तपासायला हवी.