जंगलाचा पैसा ग्रामसभेपर्यंत जाऊ द्या

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतःच्या हाती घेतली, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदूला भरपूर कोवळी पालवी फुटावी म्हणून झाडं छाटतात, उन्हाळ्याच्या तोंडी जंगलात आगी लावतात. शिवाय तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, माणसांना हवीत तशी पाखरांनाही हवीत. हंगामाचं रोख उत्पन्न गावाने आपणहून सोडलं. न पेटलेल्या जंगलात, पालापाचोळ्यात आणि मातीत जो कार्बन टिकून राहतो, त्याचा फायदा साऱ्या जगाला होतो. त्याची झळ मात्र एकट्या पाचगावने सोसली आहे.

जंगलासाठी पैसाच नाही, असं नाही. 2030पर्यंत जंगलं आणि झाडांमधून 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घेण्याचं वचन भारताने जगाला दिलं आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा कर-वाटा ठरवताना वनं आणि पर्यावरणाला 10 टक्के भार दिला. खाणीसाठी वा धरणासाठी वनजमीन वळती झाली, की 2022च्या दरांनुसार हेक्टरी साधारण साडेनऊ ते सोळा लाख रुपये भरावे लागतात. पण हा पैसा राज्याच्या तिजोरीत आणि वनखात्याच्या योजनांत जिरतो. त्याहून खटकणारी गोष्ट अशी, की प्रत्यक्ष हेक्टरी भाव लागतो तो जंगल तोडायचं ठरल्यावर. ते वर्षानुवर्षं राखणाऱ्या गावाच्या हिशेबात त्याबद्दल काहीच जमा होत नाही.

तोडलेल्याच्या बदल्यात नवी झाडं लावतोच की, असं यावर सांगितलं जातं. कोवळी झाडं झपाट्याने कार्बन शोषतात, हे खरंच आहे. पण आपल्या जंगलांतला निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे आणि तो साठायला पिढ्या जातात. शिवाय एका हेक्टरावर 10 टक्के झाडोरा असला की सरकारी मोजणीत ते वनाच्छादन ठरतं, मग ती निलगिरीची लागवड का असेना. दुसरा पर्याय सुचवला जातो तो कार्बन क्रेडिटच्या बाजाराचा. त्याबाबत मात्र सावध राहायला हवं. ‘सायन्स’मध्ये 2023 साली आलेल्या अभ्यासात सहा देशांतले असे 26 प्रकल्प तपासले होते, बहुतेकांनी जंगलतोड लक्षणीय प्रमाणात रोखलीच नव्हती. अशा बाजारातल्या दलालाशी वर्षानुवर्षांचा करार करायला ग्रामसभेला भाग पाडणं अन्यायाचं होईल. त्यापेक्षा राज्याला वनांपोटी मिळणाऱ्या वाट्यातला ठरावीक हिस्सा सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या खात्यात हेक्टरी दराने दरवर्षी थेट जमा करावा.

ग्रामसभा पैसे घेतील आणि जंगलही तोडतील, ही शंका गैर नाही. सगळी गावं पाचगावसारखी नाहीत. पण भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून वनांचा अहवाल काढतं. तीच चित्रं गावाच्या हद्दीपुरती तपासावीत आणि जागेवर जाऊन खात्री करावी. जंगल विरळ झालेलं दिसलं तर पुढचा हप्ता थांबवावा, आणि वनखात्याच्या ताब्यातल्या जंगलांच्या निधीलाही हीच अट लावावी.