‘हबशी’ म्हणजे नेमकं कोण?

१६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान आपल्या शिवडीत उतरला, हे आपण मुलांना सांगतो. ‘सिद्दी म्हणजे हबशी’ म्हटलं की विषय संपतो. मग मधल्या सुट्टीत सावळ्या मुलाला तोच शब्द चिडवायला वापरतात. म्हणून हा शब्द उलगडून सांगायलाच हवा, असं मला वाटतं.

‘हबश’ हे इथिओपियाकडच्या मुलखाचं अरबी नाव. तिथली अम्हारी भाषा अरबीसारखी सेमिटिक. ओरोमो, सोमाली, अफार मात्र कुशिटिक. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणाऱ्या मलिक अंबरला बरेच अभ्यासक ओरोमो मानतात. तसं असेल तर त्याची मायबोली कुशिटिक!

आणि हो, कुशिटिक हे नाव प्राचीन कूशवरून पडलं, तरी नाईलकाठच्या त्या राज्याची मेरोइटिक भाषा बहुतेक अभ्यासक या गटात धरत नाहीत.