आजोबा कोणत्या खात्यात होते?

घरातील ज्येष्ठांच्या औषधांची यादी आता बहुतेक कुटुंबांत व्यवस्थित लिहिलेली असते. रक्तदाब, साखर, शस्त्रक्रियेची तारीख, कोणती गोळी सोसत नाही, हे सारे एका वहीत सापडते. त्या वहीत एक नोंद मात्र सहसा नसते. ही व्यक्ती पंचवीस-तीस वर्षे कामावर नेमके काय करीत होती? ‘कंपनीत होते’ किंवा ‘गिरणीत होते’ एवढ्यावर आपण थांबतो आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टरांनाही पुढे विचारण्यास सवड नसते.

हा प्रश्न नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला जे प्रश्न विचारण्याची परंपरा होती त्यांत ‘तुमचा व्यवसाय काय?’ या प्रश्नाची भर घालावी असे सुचविले. तीन शतकांनंतरही आपल्या केसपेपरवर त्या रकान्यात ‘निवृत्त’ असा एकच शब्द लिहिला जातो. निवृत्ती हा काही व्यवसाय नव्हे!

कारखान्यातील रसायने म्हटली की आपल्याला १९८४ सालचे भोपाळ आठवते किंवा डोंबिवलीतील स्फोट आठवतात. ते धोके डोळ्यांना दिसतात, वर्तमानपत्रांत येतात. परंतु दुसरा एक धोका अत्यंत सावकाश चालतो. रोज थोडी वाफ, थोडी धूळ, हातावर थोडे द्रावण. त्या दिवशी काहीच होत नाही. जे व्हायचे ते कित्येकदा नोकरी संपल्यावर, नातवंडे शाळेत जाऊ लागल्यावर होते.

ॲस्बेस्टॉसचेच पाहा. बॉयलर आणि वाफेच्या नळ्या यांवर उष्णतारोधक लेप म्हणून, जहाजांत, ब्रेक लायनिंगमध्ये, सिमेंटच्या पत्र्यांत ते सर्रास वापरले गेले. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत व त्यांच्या आवरणात अडकून राहतात आणि आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. त्यात धूम्रपानाची जोड असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नव्हे, जवळजवळ गुणाकाराने वाढतो. हा रोग काम करणाऱ्यापुरताच राहिला नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. धुळीने भरलेले कपडे घरी आणले जात आणि ते झटकून धुणाऱ्या पत्नींनाही तो झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. म्हणून प्रश्न आजोबांपुरता नाही. आजींनाही तो विचारावयास हवा.

रंगनिर्मितीच्या कारखान्यांची कथा त्याहून जुनी. जर्मनीतील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढे बेंझिडीनसारखी काही सुगंधी अमाइने त्यास कारण असल्याचे सिद्ध झाले. ज्यांनी रंग, रबर किंवा कापडरंगाईच्या खात्यात काम केले आहे, त्यांना लघवीतून एकदा जरी रक्त गेले, वेदना नसल्या आणि दुसऱ्या दिवशी सारे स्वच्छ दिसले, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी देऊन थांबू नये. मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जुन्या कामाचा उल्लेख आपण होऊन करावा. वेळीच सापडलेली गाठ बहुधा दुर्बिणीने काढता येते.

गिरणगावातील वाचकांना सोमवारची छाती आठवत असेल. सुटीनंतर पहिल्या पाळीला कापसाच्या धुळीने छाती आवळायची आणि आठवडा सरता सरता जरा मोकळी व्हायची. तो बिसिनोसिस. आरंभी तो परततो, वर्षानुवर्षे चालू राहिल्यास कायमचा होतो आणि मग केसपेपरवर नुसता ‘दमा’ म्हणून वावरतो. दगडखाणी, फाउंड्री आणि वाळूचा फवारा मारण्याच्या कामातील सिलिकाच्या धुळीचेही तसेच. सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसाला क्षयाची लागण अधिक सहजपणे होते, आणि कित्येकदा क्षय नसतानाही क्षयाचीच औषधे चालू राहतात.

अर्थात प्रत्येक खोकल्याचे मूळ कारखान्यात शोधू नये. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, वय, यांचाही वाटा असतो. काय गृहीत धरावे हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापुढे माहिती ठेवणे एवढेच आपले काम.

ती माहिती कशी मिळवावी? चौकशीचा सूर लावू नये. ज्या कामावर घर उभे राहिले त्या कामाला दोष दिलेला ज्येष्ठांना सोसत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांना कामाच्या गोष्टी सांगू द्याव्यात. कोणते खाते होते, सोबत कोण असत, पिंपावर काय लिहिलेले असे, वास कसा येई, हात कशाने धूत, पाळी सुटल्यावर कपडे कुठे बदलत. पुष्कळांना रसायनाचे नाव आठवत नाही, पण ‘थिनरने हात पुसत असू’ किंवा ‘अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवत असू’ हे आठवते. तेवढेही डॉक्टरांना उपयोगी पडते. धूळ-धुराच्या खात्यांत कामगारांना गूळ किंवा दूध देण्याची प्रथा ऐकायला मिळते. देणाऱ्याची भावना चांगली असेल. परंतु दुधाने फुप्फुसातील तंतू निघत नाहीत आणि गुळाने हवा शुद्ध होत नाही. ज्या खात्यात दूध मिळत असे, त्या खात्यात काहीतरी होते, एवढा सुगावा मात्र त्यातून लागतो.

आता कागदांविषयी. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे व त्या कामगाराला पाहू देणे मालकावर बंधनकारक झाले. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यानंतर १५ वर्षे, यांतील जे नंतर येईल तोवर नोंदी जपाव्यात, असा तो आदेश आहे. पण कारखानाच बंद पडला असेल तर? तेव्हा जुने ओळखपत्र, ‘ईएसआय’चे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, पगारपत्रके आणि पिवळे पडलेले छातीचे एक्स-रे हेच पुरावे उरतात. घर आवरताना प्रथम रद्दीत जातात तेही हेच. व्यवसायजन्य आजाराच्या भरपाईसाठी मुदतीची बंधने असतात, म्हणून निदान होताच कामगार संघटनेचा किंवा जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. विमाधारक म्हणून किमान पाच वर्षे नोकरी करून नियत वयाने निवृत्त झालेल्यांना अल्प वार्षिक वर्गणीत ‘ईएसआय’ची वैद्यकीय सेवा स्वतःसाठी व जोडीदारासाठी चालू ठेवता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरातून मुलगा, सून किंवा नातू आजही औद्योगिक वसाहतीत पाळीला जात असेल. त्यांना जेवताना एवढेच विचारावे, की तू जे हाताळतोस त्याचे सुरक्षा माहितीपत्रक वाचले आहेस का? प्रत्येक घातक रसायनाचे असे सोळा भागांचे पत्रक असते. चौथ्या भागात प्रथमोपचार आणि आठव्यात श्वासाचे व त्वचेचे संरक्षण दिलेले असते. कापडी मुखपट्टी वाफ अडवीत नाही. त्यासाठी त्या त्या वायूला अनुरूप गाळणीचा मुखवटा लागतो. तोही शेवटचा उपाय. त्याआधी रसायन बदलणे, यंत्र बंदिस्त करणे, वाफ उगमापाशीच ओढून घेणारी शोषणयंत्रणा बसविणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, आणि ते टाळून केवळ मुखवटे वाटणारे व्यवस्थापन माझ्या मते खर्च वाचवीत असते, माणसे नव्हे. त्याविषयी तक्रार करावयाची झाल्यास महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे.

कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत. ते शक्य नसेल तर ते झटकू नयेत, घरच्या धुण्यापासून वेगळे भिजवावेत आणि लहान मुलांना धुणी धुण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. औषधांच्या वहीचे एक कोरे पान आज उघडावे: कारखाना, गाव, खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, काय हाताळले. पुढच्या तपासणीला जाताना ते पान डॉक्टरांसमोर ठेवावे.