घरीं शिवलेली बाराबंदी

शाळेचें स्नेहसंमेलन जवळ आलें कीं घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : "पोषाखाचें काय?" मुलाच्या वांट्यास मावळ्याचें काम आलेलें असतें, मुलीस अहिल्याबाई व्हावयाचें असतें, आणि मग आईवडील भाड्याच्या दुकानाची वाट धरतात. अनामत ठेवावी, भाडें द्यावें, पोषाख आणावा व दुसऱ्या दिवशीं तो परत करावा, असा हा सोपा मार्ग आहे. तो अगदींच त्याज्य आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु त्याहून चांगला मार्ग प्रत्येक घरांत सुईच्या टोंकाशीं आहे, हें विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या नजरेस आणावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या वर्गानें एक ऐतिहासिक प्रवेश बसविला होता. तानाजीच्या कामासाठीं ज्या मुलाची निवड झाली त्याचा आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध व पाठांतर चोख. चार तालमी झाल्या आणि पांचव्या दिवशीं तो येऊन म्हणाला, "सर, माझें काम दुसऱ्याला द्या. माझा घसा बसला आहे." त्याचा घसा बसलेला नव्हता. पुढें त्याच्या आईकडून कळलें कीं अनामतीचे पैसे त्या महिन्यांत घरीं नव्हते, आणि तें सांगण्याची त्याला लाज वाटली. तानाजीचें काम दुसऱ्यानें केलें. त्याचा पोषाख झगमगीत होता, पण संवाद तिसऱ्या रांगेपलीकडे गेले नाहींत. ज्याच्या गळ्यांत गुण होता तो मुलगा प्रेक्षकांत बसला होता, आणि त्याला तेथें बसविणारा मीच होतों. कारण "पोषाख ज्याचा त्यानें आणावा" ही सूचना फळ्यावर मींच लिहिली होती.

दुसऱ्या वर्षीं आम्ही पोषाख शिवावयाचे ठरविलें. कोणी जुनें धोतर आणलें, कोणी आजीच्या विरलेल्या लुगड्याचे कांठ, कोणी खिडकीचा पडदा. तेव्हांपासून माझें मत बनलें तें असें कीं, ऐतिहासिक पोषाख घरीं शिवल्यानें केवळ पैसा वांचत नाहीं; इतिहास खरा कळतो, आणि रंगभूमीवर उभें राहण्याचा हक्क ज्याला काम येतें त्याच्या हातीं राहतो.

प्रथम इतिहासाचें पाहूं. भाड्यानें आणलेल्या मावळ्याच्या अंगावर पुष्कळदां कृत्रिम धाग्याचें चकचकीत कापड असतें व पाठीस चेन असते. आतां सन ताडून पाहा. रायगडावर राज्याभिषेक झाला तो १६७४ सालीं. एलायस हाऊ यांना अमेरिकेंत शिवणयंत्राचें पेटंट मिळालें तें १८४६ सालीं. विल्यम पर्किन यांनीं डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग बनविला तो १८५६ सालीं, आणि नायलॉनचा धागा निघाला तो १९३५ सालीं. म्हणजे शिवकालीन माणसाच्या अंगावरचा प्रत्येक टांका हातानें घातलेला होता, आणि प्रत्येक रंग झाड, मूळ, किडा किंवा खनिज यांपासून निघालेला होता. हें वाक्य पुस्तकांत वाचलें तर परीक्षेपुरतें लक्षांत राहतें; एक शिवण स्वतः हातानें घातली तर तें बोटांच्या लक्षांत राहतें. ॲमस्टरडॅम येथील राइक्स म्युझियममध्यें महाराजांचें सतराव्या शतकांतील गोवळकोंडा शैलीचें चित्र आहे. असें त्या काळचें चित्र समोर ठेवून मग कात्री हातीं घ्यावी.

आमच्या मुलांनीं आरंभ केला तो बाराबंदीनें. ही कमरेपर्यंतची बंडी एक पदर दुसऱ्यावर घेऊन बंदांनीं बांधावयाची असते. बारा बंदांवरूनच तिला हें नांव पडलें. तिला काज नको, बटण नको. अंग भरलें तर बंद सैल बांधावा, वाळलें तर घट्ट बांधावा. तिचे बहुतेक तुकडे सरळ असतात, कारण हातमागाचें कापड मोलाचें, आणि वांकडें कापलें कीं चिंध्या फार पडतात. मग हात वर कसा उचलावयाचा? त्यासाठीं काखेंत एक लहानसा चौकोनी तुकडा कोन वर करून बसवितात. हात उचलला कीं कापड तिरपें ताणतें व शिवण उसवत नाहीं. पायघोळ जाम्याच्या घेराचेंही तसेंच. लांबट आयत कर्णावर कापला कीं दोन कळ्या निघतात. एक उलटी फिरवून दुसरीशेजारीं ठेवली कीं घेर वाढतो आणि कापड वायां जात नाहीं. आयत व कर्ण यांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या एका विद्यार्थ्यास त्या दिवशीं मला निराळें उत्तर द्यावें लागलें नाहीं.

घरीं शिवूं पाहणारांसाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. कोरें सुती कापड पाण्यांत आटतें, म्हणून बेतण्यापूर्वीं तें धुवून वाळवावें. चांगल्या कापडास कात्री लावण्याआधीं स्वस्त मांजरपाटाची अथवा जुन्या चादरीची एक कच्ची बंडी धावदोऱ्यानें जोडून अंगावर घालून पाहावी. शिवणीसाठीं चोहोंकडे बोटभर कापड जास्त ठेवावें. जेथें ताण पडतो तेथें, विशेषतः काखेंत व बंदांच्या मुळाशीं, उलटी टीप घालावी. नव्या कापडाचा पांढरा भपका नको असल्यास तें चहाच्या पाण्यांत बुडवावें; त्यावर वापरलेपणाची छटा येते.

कोटाची गोष्ट अवघड आहे. एकोणिसाव्या शतकांतील सुशिक्षित गृहस्थाचें काम असलें म्हणजे धोतरावर लांब कोट हवा. कोटाची बाही कोंपरापाशीं वळलेली असते, खांद्यास गोल बसते, आणि गळपट्टींत कडक कापड घालावें लागतें. नवशिक्यानें तो एकदम बेतूं नये. आजोबांचा टाकलेला कोट जपून उसवावा, प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून आंखून घ्यावा, आणि मग त्याच कापडांतून लहान कोट काढावा. उसवतांनाच निम्मी विद्या येते.

कपडा मनुष्याचें चरित्र कसें सांगतो, याचें उदाहरण आपल्याच मुलखांतलें आहे. कोल्हापूर येथें १९२९ सालीं जन्मलेल्या भानु अथय्या यांना 'गांधी' या चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं जॉन मोलो यांच्यासह १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. बॅरिस्टरच्या विलायती सुटापासून खादीच्या पंचापर्यंतचा एका महापुरुषाचा प्रवास त्या चित्रपटास कपड्यांतूनही दाखवावयाचा होता. ज्या विद्येनें एवढें कार्य होतें ती हलकी कशी म्हणावी?

तरीही "मुलांनीं कां शिवावें? तें मुलींचें काम," असें म्हणणारे गृहस्थ भेटतात. त्यांनीं आपल्याच गांवच्या शिंप्याच्या दुकानांत डोकावून पाहावें. संत नामदेव शिंपी कुळांतले, हेंही त्यांनीं आठवावें. आमच्या वर्गांत सर्वांत बारीक टांका एका कुस्तीगीर मुलाचा होता.

दुसरा आक्षेप वेळेचा. आईवडील दोघेही कामावर जातात, त्यांना उसंत कोठली? हा आक्षेप खरा आहे, व तो मी हंसण्यावारी नेत नाहीं. पण शिवावयाचें आहे तें मुलानें. आईनें रात्रभर जागून पोषाख पुरा करावा व मुलानें सकाळीं तो घालून मिरवावा, यांत आणि भाड्याच्या पोषाखांत मला फारसा फरक दिसत नाहीं. मोठ्यांनीं बेतून द्यावें, एक शिवण दाखवावी आणि बाजूस व्हावें. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत बाराबंदी होते. चिलखत, शिरस्त्राण, भरजरी शेला हीं मात्र खुशाल भाड्यानें आणावीं. तीं घरीं होण्यासारखीं नव्हेत.

त्या दुसऱ्या वर्षीं तो मुलगा रंगभूमीवर आला. बारा बंद त्यानें स्वतः शिवले होते. त्याच्या बाराबंदीची डावी बाही उजवीहून बोटभर आंखूड होती, हें मला ठाऊक होतें, त्याला ठाऊक होतें. प्रेक्षकांपैकीं कोणाच्याही तें ध्यानांत आलें नाहीं. त्याचा आवाज शेवटच्या बांकापर्यंत पोंचला.

म्हणून शेवटीं एक विनंति. आपल्या शाळेंत एक पोषाखाची पेटी असावी. प्रत्येक वर्गानें दरवर्षीं एक वस्त्र शिवून, धुवून, घडी घालून तींत ठेवावें. पुढील मुलानें तें उसवावें, वाढवावें, पुन्हां शिवावें. पेटी भरण्यास कांहीं वर्षें लागतील. परंतु ती भरूं लागली म्हणजे "माझा घसा बसला आहे" असें खोटें सांगण्याची पाळी कोणत्याही मुलावर येणार नाहीं. पालकहो, येत्या सुटींत घरांतलें एक जुनें धोतर बाजूस काढून ठेवा. विद्यार्थिमित्रहो, सुईंत दोरा ओवावयास आजच शिका.