धूर दिसला नाही, म्हणून?

तर्कशास्त्राच्या तासाला अनुमानाचे एक उदाहरण हटकून येते: पर्वतावर धूर दिसतो आहे, त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे. हे उदाहरण ऐकताना आम्हा बेलपाड्याकडच्या मुलांना खारघरचा डोंगर आठवला, तर नवल नाही. फाल्गुन-चैत्रात गवत वाळले, की डोंगरावर वणवे लागतात आणि त्यांचा धूर खालून उघड्या डोळ्यांनी दिसतो. पूर्वीच्या नैयायिकाला असे पायथ्याशी उभे राहूनच अनुमान करावे लागे. आज तेच काम कृत्रिम उपग्रह आकाशातून करतात. त्यांच्या साक्षीवर आपण किती विसंबावे, एवढाच प्रश्न आहे.

त्यांचा मोठेपणा प्रथम मान्य करू. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई परिसरात आकाश धुरकटले आणि गाड्यांवर पांढरट धुळीचा थर बसला. ती धूळ पाकिस्तानातून, कराचीच्या बाजूने, अरबी समुद्र आणि गुजरात ओलांडून आली होती. आपले इन्सॅट मालिकेतील हवामान-उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून सतत याच भूभागाकडे पाहतात आणि दर अर्ध्या तासाने छायाचित्र घेतात. ती चित्रे ओळीने लावली, की धुळीचा लोट कोठून निघाला व कोठे पोहोचला, हे कळते. धूळ आणि ढग यांतून येणारे अवरक्त किरण वेगवेगळे असतात, त्यामुळे दोहोंत गल्लत होत नाही. आगीची उष्णताही अवरक्त किरणांतूनच टिपली जाते आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो.

म्हणजे त्या दिवशी ‘धूळ बाहेरून आली’ हे खरे होते. परंतु एका दिवसाचे सत्य वर्षभराची सबब होऊ शकत नाही. ताडपत्रीशिवाय धावणारे खडीचे ट्रक, अर्धवट बांधकामे, खणून ठेवलेले रस्ते यांची धूळ कराचीहून येत नाही. ज्या दिवशी समुद्रावर धुळीचा लोट नाही आणि तरीही घरातील भांड्यांवर थर बसतो, त्या दिवशी गुन्हेगार जवळपासच शोधावा लागेल. उपग्रहाचे चित्र वाऱ्याला दोषी ठरवते, तसेच ते वाऱ्याला निर्दोषही सोडते. हा दुसरा उपयोग आपण करीत नाही.

आता तर्कातील खाचखळगा पाहू. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. पण धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, हे अनुमान चूक आहे. आणि उपग्रहांच्या बाबतीत नेमकी हीच चूक होते. आगीचे बारीक ठिपके टिपणारे सुओमी-एनपीपी व त्याच्या मालिकेतील उपग्रह आपल्यावरून साधारणपणे दुपारी दीड व रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी सहाला लागलेला आणि दहाला विझलेला वणवा त्यांच्या दृष्टीने लागलेलाच नसतो. इन्सॅट सतत पाहतो खरा, पण त्याच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका चार किलोमीटर लांबीरुंदीचा. त्यात आपला लहानसा वणवा बुडून जातो. पंजाबात २०२४ साली असेच घडले. दुपारच्या उपग्रहाने मोजलेल्या आगी कमी झाल्या. परंतु सतत पाहणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाच्या चित्रांत आढळले, की भाताचे काड आता दुपार टळल्यावर जाळले जात होते. आकडा उतरला, पण त्या प्रमाणात धूर मात्र उतरला नाही.

शिवाय लाल ठिपका आग कोठे लागली ते सांगतो; कोणी लावली ते सांगत नाही. डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडीसारख्या आदिवासी वाड्या आहेत. वणवा लागला, की शहरातील बोट चटकन वाडीकडे वळते. फिरायला गेलेल्या कोणाची विडी-सिगारेट, पार्टीनंतर न विझवलेली चूल, यांचा विचार मागाहून होतो, कित्येकदा होतच नाही. रायगडात शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतो, त्याचाही ठिपका नकाशावर तसाच लाल. पोटासाठी केलेली भाजणी आणि बेफिकिरीने लावलेला वणवा यांतला फरक ३६,००० किलोमीटरवरून कसा कळावा?

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारचा कचरा पेटला. त्याचा धूर ‘नासा’च्या उपग्रहचित्रात दिसला आणि शहर खडबडून जागे झाले. गोवंडीकर मात्र त्याआधी कितीतरी वर्षे धुराची तक्रार करीत होते. आकाशातून पाहिलेले ते प्रमाण आणि छातीत भरलेले ते गाऱ्हाणे, अशी वाटणी आपण का करावी?

माझी सूचना साधी आहे. ही चित्रे ‘नासा’च्या वर्ल्डव्ह्यूवर कोणालाही फुकट पाहता येतात. भूगोल विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी मिळून महाविद्यालयात एक नोंदवही ठेवावी. धूर कोठे दिसला, किती वाजता, वारा कोणत्या दिशेचा, विझला केव्हा, एवढे चार रकाने पुरेत. वाडीतल्या माणसांनाही विचारावे. डोंगर त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मग ती वही आणि उपग्रहाचे चित्र शेजारी ठेवावे. जेथे दोन्ही जुळतील तेथे कोणाला सबब सांगता येणार नाही; आणि जेथे आपल्या वहीत धूर असेल पण चित्रात नसेल, तेथे आपली वही हीच एकमेव साक्ष असेल.