आधी खेळू द्या, मेडलचं मग बघू

मूल नवा खेळ शिकायला लागलं की घरातल्या मोठ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "जिंकलास का?" आणि "याचा पुढे उपयोग काय?" पहिलं वर्षभर तरी हे दोन्ही प्रश्न घरात निघू नयेत, असं माझं मत आहे.

माझी आठ वर्षांची भाची यंदा शाळेच्या मैदानावर खो-खोला जाऊ लागली. बघणाऱ्याला हा पळापळीचा खेळ वाटतो, शिकणाऱ्याला तो तसा सोपा नाही. आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात. पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही, बसलेल्यांच्या मधून जायचं नाही. हे सगळं धावता धावता सांभाळायचं असतं. नवं मूल फाऊल करणारच.

एकदा ती रडवेली होऊन आली. "मामू, सगळे हसले मला." खो मिळायच्या आधीच उठली होती. घरातून मायेनेच सल्ला आला, "मग नको जाऊस उद्या." मी एवढंच विचारलं, "फाऊल कसा झाला, दाखव बरं." तिने दारातल्या आठ चपला ओळीने मांडल्या आणि मला अख्खा खेळ समजावला. समजावता समजावता रडू थांबलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायाने मैदानावर गेली.

प्रोत्साहन म्हणजे मला एवढंच कळतं. "आमची चॅम्पियन" म्हणणं हे प्रोत्साहन नव्हे, ते ओझं आहे. उद्या हरली तर ती कोण, हा प्रश्न मुलाला पडतो. त्यापेक्षा "आज खो मिळेपर्यंत बसून राहिलीस, मी पाहिलं" हे वाक्य जास्त कामाचं. आणि सराव चालू असताना कडेला उभं राहून सूचना ओरडू नयेत. शिकवायला तिथे सर आहेत.

आता थोडं आपल्या मोहल्ल्याबद्दल. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचं मैदान बंद होतं, हे आपल्याकडे नवं नाही. कारणं दोन दिली जातात, कपडे आणि वेळ. कपड्यांचं म्हणाल तर अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मदने 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये हिजाब घालून तलवारबाजीत सांघिक कांस्यपदक मिळवलं. फिफाने 2014 मध्ये फुटबॉलमध्ये डोकं झाकायला परवानगी दिली. खो-खो तर फुल ट्रॅकपँट घालून आरामात खेळता येतो. निजामाबादच्या निखत झरीनच्या वडिलांना बॉक्सिंगच्या कपड्यांवरून नातेवाईकांनी बोल लावले. वडील मागे हटले नाहीत. तीच मुलगी 2022 आणि 2023 मध्ये जगज्जेती झाली.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. असर ते मगरिब हीच मैदानाची वेळ आणि बऱ्याच ठिकाणी हीच मकतबचीही. यात मुलाला निवड करायला लावू नका. मौलानांशी बोला, आठवड्यातले दोन-तीन दिवस धडा मगरिबनंतर ठेवता येईल का विचारा. आदबीने विचारलं तर मार्ग निघतो, असा माझा अनुभव आहे.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. हे मुलांना जरूर सांगा, पण "तूही असंच करून दाखव" हे शेपूट त्याला जोडू नका. आपलं मूल तिथवर पोहोचेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. नाही पोहोचलं तरी फाऊल झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत जाऊन बसायची सवय त्याला लागेल. पुढे परीक्षेत, नोकरीत, संसारात हीच सवय कामाला येते. तेवढ्यासाठी संध्याकाळचा एक तास द्यायला काय हरकत आहे?