एक्सप्लेनर : आरामशीनच्या पट्ट्याला किती वेळा धार लागली? ही नोंद का हवी

आरामशीनवर आलेला ओंडका वहीत चढतो. कुठून आला, कोणत्या जातीचा, किती मापाचा, चिरून काय निघाले. परवाना वन विभागाचा असल्याने हा हिशेब चुकवता येत नाही. पण तो ओंडका चिरणाऱ्या पोलादी पट्ट्याला, म्हणजे बँडसॉ ब्लेडला, आजवर किती वेळा धार लागली असे विचारले, तर उत्तर सहसा मिस्त्रीच्या आठवणीत असते. मिस्त्री सुट्टीवर गेला की उत्तरही सुट्टीवर.

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा बाजारपेठांच्या गावांसाठी हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. पट्टा तुटतो तेव्हा त्याच्यासमोर एक माणूस उभा असतो.

पट्टा तुटतो का?

साधे गणित करून पाहू. ३६ इंची चाकांवर साधारण ६ मीटर लांबीचा पट्टा चढवला आणि तो सेकंदाला ३० मीटर वेगाने पळतो असे धरले, तर एका सेकंदात त्याच्या ५ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पट्ट्याचा प्रत्येक भाग वरच्या चाकावर एकदा आणि खालच्या चाकावर एकदा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तासाला ३६ हजार वेळा. तार हाताने वाकवत राहिली की शेवटी तुटते, तोच प्रकार इथे सावकाश चालतो. म्हणूनच पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नसावी, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. ३६ इंची चाकाला सुमारे ०.९ मिलिमीटर.

तडा बहुधा दोन दातांमधल्या खाचेत सुरू होतो. धार लावताना एमरीचे चाक फक्त दातावरून न फिरता या खाचेतूनही नीट फिरले, तर तिथल्या केसाएवढ्या भेगा घासून निघतात. चाक जास्त दाबले आणि पोलाद निळे पडले, किंवा खाचेत टोकदार कोपरा राहिला, तर त्याच धारेने नवा तडा पेरला जातो. त्यामुळे धार लावणे ही पट्ट्याची दुरुस्तीही असते आणि झीजही.

अनुभवी मिस्त्रीला हे कळत नाही का?

बोथटपणा कळतो. आवाज बदलतो, भुशाचे दाणे जाऊन पीठ पडू लागते, फळी लाटेसारखी निघते. याबाबत मिस्त्रीचा कान कोणत्याही सेन्सरपेक्षा स्वस्त आणि बरा. पण पोलादाचा थकवा ऐकू येत नाही. नुकतीच धार लावलेला, छान चालणारा पट्टाही आतून संपत आलेला असू शकतो. नोंद हवी ती यासाठी. घरच्या गॅस सिलिंडरचे उदाहरण घ्या. वरच्या पट्टीवर ‘ए’ ते ‘डी’ यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असते. पुढची चाचणी कोणत्या तिमाहीत आहे, हे त्यावरून कळते. सिलिंडर दिसायला ठणठणीत आहे म्हणून ती तारीख कोणी पुढे ढकलत नाही.

मग नुसता आकडा पुरेसा आहे?

नाही, आणि गोम इथेच आहे. समजा १०० मिलिमीटर रुंदीचा पट्टा आहे आणि एका धारेला पाव मिलिमीटर जातो. ४० धारांनंतर रुंदी ९० मिलिमीटर उरेल. पण आपल्याकडे लाकूड जंगलातूनच येते असे नाही, बांधावरचेही येते. बाभळीला कुंपणाची तार गुंडाळलेली, कडुनिंबाला पाटीसाठी खिळा मारलेला. झाड वाढत जाते आणि लोखंड पोटात घेते. असा एक खिळा दातांना लागला की ते सरळ करायला एकाच वेळी मिलिमीटरभर घासावे लागते. वहीत धार एकच, झीज चार धारांची. काळ्या मातीतून ओढत आणलेल्या ओंडक्याची सालही दात लवकर मारते. सागवानात तर सिलिका असतेच.

म्हणून आकड्याशेजारी उरलेली रुंदी लिहायलाच हवी. वजन टांगून ताण देणाऱ्या मशीनवर हे जास्तच महत्त्वाचे आहे. वजन तेच राहिले आणि पट्टा १०० वरून ९० मिलिमीटरवर आला, तर पोलादावरचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. रुंदी माहीत नसेल तर वजन कमी कधी करायचे, हे कोण सांगणार?

नोंद ठेवायची कशी?

यासाठी ॲप लागत नाही. भुशाने भरलेल्या हातात मोबाईल तसाही चालत नाही. २०० पानी वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल पुरते. प्रत्येक पट्ट्याला क्रमांक हवा, पण तो छिन्नीने ठोकू नये. ठोकलेली खूण हीच उद्याची भेग ठरू शकते. पट्टा खुंटीवर टांगताना त्याला पत्र्याचा बिल्ला अडकवला की झाले. वहीत तारीख, क्रमांक, किती तास चालला, कोणते लाकूड, का उतरवला आणि धारेनंतरची रुंदी. लिहायला एक मिनिट.

फायदा दोन-तीन महिन्यांत दिसू लागतो. बाकीचे पट्टे चार तास टिकतात आणि एकच दोन तासांत उतरतो, तर दोष लाकडाचा नाही. त्या पट्ट्याची धार, दातांचा सेट किंवा सांधा तपासा. सगळेच खाचेत तडकत असतील, तर ते बोथट होऊनही चालवले जात आहेत, ताण जास्त आहे किंवा घासण्याची पद्धत चुकते आहे. तडे दातांच्या उलट्या, म्हणजे पाठीच्या बाजूने येत असतील, तर पट्टा मागच्या गाईडवर घासतो आहे. हे निदान आठवणीवर होत नाही. आठवणीत राहतो तो फक्त शेवटचा तुटलेला पट्टा.

जुनी मशीन असली तरी?

जुनी असेल तर जास्तच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ आणि २००२ मधल्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशांनंतर नव्या आरामशीनचे परवाने सहजी मिळेनासे झाले. २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे आणली, तरी राज्यस्तरीय समितीची चाळणी राहिलीच. त्यामुळे हातातला परवाना आणि हातातली मशीन जपणे हाच अनेक मालकांचा धंदा आहे. चाकांची झीज, बेअरिंगची खडखड हे सारे शेवटी पट्ट्यावरच उतरते.

पट्टा नेमका कितव्या धारेला बाद करायचा, याचा सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. पोलाद, चाक आणि लाकूड यांवर तो ठरतो. प्रत्येक मशीनने तो स्वतःच्या वहीतून काढायचा असतो. मात्र बाद ठरलेला पट्टा कापून तुकडे करूनच भंगारात टाकावा. अख्खा टांगून ठेवला, तर पेरणीच्या आधी वखर-तिफणीच्या कामांची गर्दी उसळली की तो हमखास पुन्हा चाकावर चढतो.